सशांसाठी रायफल घेताय? आधी जाळी, मग पॉइंट टू टू

प्रश्न : ताई, मी मूळचा निफाड तालुक्यातला, घरची द्राक्षबाग. आता न्यूझीलंडमध्ये सेंट्रल ओटागोत, क्रॉमवेलजवळ चार हेक्टर जागा घेतली आहे. निम्म्या जागेत पिनो न्वार या वाइनच्या द्राक्षांची नवी लागवड केली. ससे कोवळ्या वेलींची साल सोलून खातात, फुटवा वर येऊ देत नाहीत. शेजारचे मेंढ्यावाले म्हणतात .२२ (पॉइंट टू टू) रायफल घे, दुकानदार म्हणतो .१७ एचएमआर घे. मी आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही. कोणती घ्यावी, कशी वापरावी, सांभाळावी कशी? आई सध्या आमच्याकडे आहे, तिला हे मुळीच पटत नाही. बारा वर्षांच्या मुलाला मात्र भलताच उत्साह आहे. शिवाय गावाकडचा चुलतभाऊ विचारतो, रानडुकरांसाठी अशी रायफल तिकडे आणता येईल का? – निफाडकर, क्रॉमवेल

उत्तर : भाऊ, रायफलीबद्दल तुम्ही एवढं विचारलंत, पण जाळीचा उल्लेख पत्रात कुठेच नाही. त्यामुळे आधी जाळीबद्दल सांगते.

नव्या लागवडीभोवती सशांची जाळी नसेल तर कुठलीही रायफल तुमची बाग वाचवणार नाही. जाळीचं छिद्र ४० मिलिमीटरहून मोठं नको, त्यातून पिल्लू आत येतं. उंची साधारण मीटरभर ठेवा आणि खालची वीतभर जाळी बाहेरच्या बाजूला वळवून मातीखाली दाबा, कारण ससा कुंपणाच्या अगदी पायथ्याशीच उकरायला सुरुवात करतो. फाटकाखालची फट बहुतेक जण विसरतात. तिथे लाकडी उंबरा बसवा. वेलींना गार्डही घाला. हा खर्च रायफलीपेक्षा जास्त आहे, पण तो एकदाच करायचा आहे.

तुम्ही ज्या भागात राहता तिथला हा झगडा दीडशे वर्षांचा आहे. एकोणिसाव्या शतकात शिकारीसाठी आणि मांसासाठी इथे ससे सोडले गेले. ते इतके माजले की १८७६ साली सरकारला सशांच्या उपद्रवाचा कायदा करावा लागला. कोरडं हवामान, आखूड गवत, बिळांना सोयीची माती, हे सगळं सेंट्रल ओटागोत सशाला मनासारखं मिळतं. १९९७ मध्ये वैतागलेल्या शेतकऱ्यांनी सशांचा रक्तस्रावी रोगाचा विषाणू बेकायदा देशात आणून पसरवला. २०१८ मध्ये त्याचाच के-५ हा प्रकार रीतसर सोडण्यात आला. अलेक्झांड्राला ईस्टरच्या दिवसांत सशांची मोठी शिकार भरते, बंदुकवाल्यांच्या टोळ्या हजारो ससे मारतात. तरीही ससे आहेतच. मादी महिनाभरात विते, पिल्लं झाल्याबरोबर पुन्हा गाभण राहते आणि त्या पिल्लांतल्या माद्या चार-पाच महिन्यांत स्वतः वितात. ससे दाट असताना एकट्या रायफलीने हा वेग गाठता येत नाही.

म्हणून क्रम असा धरा. आधी तुमच्याकडे ससे किती आहेत ते मोजा. इथे त्यासाठी सुधारित मॅक्लीन श्रेणी वापरतात, १ ते ८. ओटागो प्रादेशिक परिषदेच्या नियमाप्रमाणे जमीनधारकाने ससे ३ किंवा त्याखाली ठेवायचे असतात. तीनची ओळख अशी, की लेंड्यांचे ढीग एकमेकांपासून सरासरी दहा मीटर किंवा त्याहून दूर दिसतात. ढीग पाच मीटरच्या आत दिसू लागले तर रायफलीचा विचार बाजूला ठेवा आणि परवानाधारक कंत्राटदाराकडून हिवाळ्यात पिंडोन या विषाचं आमिष घालून घ्या. हिवाळ्यातच का, तर तेव्हा खायला कमी असतं, ससे आमिषाला येतात आणि विण्याचा हंगाम अजून सुरू झालेला नसतो. आमिष घालण्याआधी रात्री गोळ्या झाडत फिरू नका. ससे उजेडाला आणि माणसाला बिचकतात आणि पुढचं काम अवघड होतं. हे सगळं शेजाऱ्यांशी बोलून, एकाच वेळी करा. तुम्ही साफ केलेल्या जागेत त्यांचे ससे महिन्यात येतील. मेंढ्यावाले शेजारी सल्ला द्यायला तयार आहेत, ही तुमची मोठी जमेची बाजू आहे.

एवढं झाल्यावर जे दहा-वीस ससे उरतील, जाळीतून जे दोन आत शिरतील, त्यांच्यासाठी रायफल. त्या कामात तिच्याइतकं नेमकं साधन दुसरं नाही.

आता परवाना. न्यूझीलंडमध्ये परवाना माणसाला मिळतो, आणि २०२३ च्या जूनपासून बंदुकांचीही नोंदणी होते. तुम्हाला सुरक्षिततेचं प्रशिक्षण घ्यावं लागेल, परीक्षा द्यावी लागेल, ओळखीच्या लोकांची साक्ष लागेल आणि बंदूक कुठे ठेवणार ते अधिकारी घरी येऊन पाहतील. नियमांत बदल होत असतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी परवाने देणाऱ्या फायरआर्म्स सेफ्टी ऑथॉरिटीची ताजी माहिती वाचा. परवाना हातात येईपर्यंतचा वेळ वाया घालवू नका. परवानाधारक अगदी शेजारी उभा राहून देखरेख करत असेल तर बिनपरवाना माणसाला इथे साधी रायफल चालवता येते. मेंढ्यावाल्यांसोबत एखादी दुपार काढा आणि त्यांची रायफल कागदावर चालवून पाहा. विकत घेण्याआधी एवढं केलंत तर निम्मे प्रश्न आपोआप सुटतील.

कुलूप हा घरातला सगळ्यात नाजूक विषय. रायफल भिंतीला किंवा जमिनीला पक्क्या बसवलेल्या पोलादी कपाटात, काडतुसं वेगळ्या कुलपात. किल्ली फक्त परवानाधारकाकडे. वहिनींनी परवाना काढला नसेल तर किल्ली कुठे आहे हे त्यांनाही कळता कामा नये. आपल्या घरांत सगळ्या किल्ल्या एका खुंटीला असतात आणि घरातल्या बाईला सगळं ठाऊक असतं. इथे ती सवय मोडावी लागते. वहिनींना राग येत असेल तर त्यांनाही परवाना काढायला सांगा. बागेत त्या तुमच्याइतक्याच राबत असतील.

आता तुमचा मूळ प्रश्न, .२२ की .१७. हे आकडे म्हणजे गोळीची जाडी, इंचांत.

.२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून चालत आलंय. स्वस्त, सौम्य, धक्का नसल्यासारखा. .१७ एचएमआर २००२ मधलं. त्याची गोळी जेमतेम १७ ग्रेनची, म्हणजे ग्रॅमभराची, पण वेग सेकंदाला पावणेआठशे मीटरच्या आसपास. ती शंभर मीटरपर्यंत जवळजवळ सरळ जाते, म्हणून दुकानदाराला आवडते. नवशिक्याला अंतराचा अंदाज कमी घ्यावा लागतो, हे त्याचं म्हणणं खरंच आहे. तिचा आणखी एक गुण तो कदाचित सांगणार नाही. ती हलकी, वेगवान गोळी आदळताच फुटून तिचे तुकडे होतात. .२२ ची शिशाची गोळी कठीण जमिनीवर, दगडावर, पाण्यावर तिरकी लागली तर अखंड उसळून भलतीकडे जाऊ शकते. तुमच्याकडे शिस्टचे खडक जागोजागी वर आलेले असणार. त्यामुळे या बाबतीत .१७ कडे माझा कल आहे, हे प्रामाणिकपणे सांगते.

तरीही तुम्हाला मी .२२ च सुचवेन, आणि तीही सबसॉनिक, म्हणजे आवाजाच्या वेगाहून मंद, काडतुसांसह. चार हेक्टर म्हणजे साधारण दोनशे मीटर लांब, दोनशे मीटर रुंद. मधोमध उभं राहिलात तर कुंपण शंभर मीटरवर. पलीकडे घरं आहेत, मेंढ्या आहेत, कुणी पहाटे कुत्रा फिरवतोय. एवढ्याशा जागेत लांब पल्ल्याची गरजच पडत नाही. तुम्हाला हवा शांतपणा. .१७ ची गोळी आवाजाच्या वेगाच्या दुपटीहून जास्त वेगाने जाते. सायलेन्सर लावला तरी हवेतला तडाखा ऐकू येतोच, आणि एक गोळी झाडली की बाकीचे ससे बिळात. .२२ सबसॉनिकचा वेग सेकंदाला सुमारे ३२० मीटर, आवाजाच्या वेगाहून जरा कमी. सायलेन्सर लावल्यावर शेजारच्या घरातही कुणी दचकत नाही. न्यूझीलंडमध्ये असा सायलेन्सर दुकानात सरळ मिळतो आणि शेतावर सगळेच लावतात. घराजवळ विनाकारण गोळी झाडून कुणाला घाबरवणं हाही इथे गुन्हा आहे, हे लक्षात असू द्या. वारा मात्र .१७ ला ढकलतो तसाच .२२ लाही ढकलतो. ताशी पंधरा किलोमीटरचा आडवा वारा असेल तर शंभर मीटरवर .१७ ची गोळी आठ-नऊ सेंटिमीटर सरकते, आणि क्रॉमवेलचा वायव्येचा वारा तुम्ही पाहिलाच असेल. काडतुसांचा खर्चही .१७ मध्ये बराच जास्त. नवशिक्याने भरपूर सराव करायला हवा, आणि स्वस्त काडतूस असलं की माणूस सराव करतो. .२२ मॅग्नम हे या दोन्हींच्या मधलं काडतूस आहे, तुमच्या कामाला ते नको.

गोळी उसळण्याचं काय? त्याला उपाय काडतुसापेक्षा तुमच्या उभं राहण्यात जास्त आहे. टोकाला खळगा असलेली हॉलो पॉइंट गोळी घ्या, ती थोडी पसरते आणि उसळणं कमी करते. पूर्ण थांबवत नाही. मग दिवसाउजेडी, रिकाम्या हाताने सगळी जागा फिरा. कुठून उभं राहिल्यावर सशाच्या मागे मातीचा बांध किंवा चढ येतो, त्या जागा ठरवा. उंचावरून खाली, मऊ मातीत गोळी जाईल अशा. खडकाच्या दिशेने नाही, गोठलेल्या जमिनीवर नाही, शेततळ्याकडे नाही आणि टेकाडाच्या माथ्यावर बसलेल्या सशावर तर कधीच नाही. त्याच्या मागे फक्त आकाश असतं आणि .२२ ची गोळी दीड किलोमीटरहूनही दूर जाऊ शकते. तुमच्या जागेत अशा योग्य जागा चार निघाल्या तर चार ठिकाणांहूनच गोळी झाडा. एकही निघाली नाही तर रायफल घेऊ नका, कंत्राटदाराला बोलवा. हे वाचून वाईट वाटलं तरी ते ऐका.

रायफल बोल्टची घ्या. प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागेपुढे करावा लागतो, तेवढा विचार करायला वेळ मिळतो. नळी ४० सेंटिमीटरची पुरते. .२२ ची दारू तेवढ्यात जळून जाते आणि पुढे सायलेन्सर लागणार असल्याने लांब नळी फाटकातून, गाडीतून काढताना अडचणीची होते. नळीच्या तोंडाला आटे असलेलीच निवडा आणि सायलेन्सरचे आटे तेच आहेत ना, दुकानातच बसवून पाहा. सायलेन्सर उघडता येणारा हवा, कारण .२२ मध्ये शिशाचा आणि काजळीचा थर भरपूर साचतो. दुर्बीण खास रिमफायरसाठीची (.२२ सारख्या काडतुसांना रिमफायर म्हणतात), म्हणजे जवळच्या अंतराला जुळवलेली. तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी साधी दुर्बीण भरपूर झाली. सेकंडहँड .२२ घ्यायलाही हरकत नाही, या रायफली पिढ्यान्पिढ्या चालतात. फक्त जाणत्या माणसाला सोबत न्या. नळीचं तोंड ठोकलेलं नाही ना, बोल्ट घट्ट बसतो ना आणि सेफ्टी खरोखर चाप अडवते ना, हे त्याला पाहू द्या.

काडतुसं वेगवेगळ्या तीन-चार बनावटीची एकेक पेटी आणा. एकाच कारखान्याच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफलींनाही वेगवेगळं काडतूस मानवतं. याचं कारण शोधत बसू नका. वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून पन्नास मीटरवर पाच-पाच गोळ्या झाडा. जी बनावट कागदावर छिद्रांचा सगळ्यात लहान घोळका देईल ती मोठ्या संख्येने घेऊन ठेवा. एक बनावट बदलून दुसरी घातल्यावर पहिल्या काही गोळ्या इकडेतिकडे जातात, कारण नळीत गोळ्यांवरच्या मेणाचा नवा थर बसायचा असतो. त्या गोळ्यांवरून निकाल देऊ नका.

नेम पन्नास मीटरला लावा. सबसॉनिक गोळी मग पंचवीस मीटरवर सेंटिमीटरभर वर लागते, साठवर दोन-तीन सेंटिमीटर खाली, पंचाहत्तरवर आठ-नऊ खाली आणि शंभरवर जवळजवळ पाव मीटर खाली. सशाच्या डोक्यात जिथे गोळी लागायला हवी ती जागा जेमतेम चार सेंटिमीटरची. म्हणजे तुमची हद्द साठ मीटर. त्यापुढचा ससा कितीही निवांत बसलेला दिसला तरी तो आजचा नाही. हे आकडे माझ्या शब्दावर न घेता स्वतःच्या रायफलीने कागदावर तपासा आणि दस्त्यावर चिकटवा. ठरवलेल्या चार जागांपासून साठ मीटरवर खुंट्या ठोका, कारण संध्याकाळच्या उजेडात अंतर हमखास चुकतं.

बसून किंवा आडवं पडून, दोन पायांच्या टेकूवर रायफल ठेवूनच झाडा. ससा आडवा किंवा समोर, थांबलेला हवा. पळत्या सशावर .२२ कधीच नाही. जखमी होऊन बिळात गेला तर तो तिथे तासन्‌तास मरत राहतो, आणि तसं होऊ न देणं ही बंदूक हातात घेणाऱ्याची जबाबदारी आहे. लागला पण मेला नाही, तर तिथल्या तिथे दुसरी गोळी. बाकी सगळं नंतर.

रात्रीच्या कामाची घाई करू नका. पहिला हंगाम पहाट आणि तिन्हीसांजा एवढ्यावरच काढा, तेव्हा ससे चरायला बाहेर असतात. रात्री बॅटरीच्या झोतात डोळे चमकतात, पण मेंढीचे, मांजराचे, कुत्र्याचेही चमकतात. इथल्या सुरक्षिततेच्या सात नियमांत एक आहे, लक्ष्य निःसंशय ओळखल्याशिवाय चाप ओढायचा नाही. पूर्ण अंग दिसलं, कान दिसले, मागची माती दिसली, तरच. आणखी एक नियम तुमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. गोळी झाडायची वेळ येईपर्यंत नळीत काडतूस नको. कुंपण ओलांडताना, गाडीत बसताना, फोन वाजला तरी बोल्ट उघडा. गाडीच्या मागच्या सीटवर भरलेली रायफल ठेवून बागेत चक्कर मारणारे लोक तुम्हाला दिसतील. त्यांचं अनुकरण करू नका. दारू घेतली असेल त्या संध्याकाळी कपाट उघडायचंच नाही.

देखभाल सोपी आहे, लोक ती उगाच अवघड करतात. .२२ ची नळी दर वेळी घासू नका. बाहेरून तेलाचं फडकं फिरवा, बोल्टचा पुढचा भाग आणि काडतूस बसतं ती जागा पुसा, सायलेन्सर काढून वेगळा वाळवा. तो नळीला लावून ठेवला तर आतला ओलावा नळीचं तोंड गंजवतो. नळी साफ करायचीच तर बोल्ट काढून मागच्या बाजूने, घोळका बिघडला तर. चाप ओढल्यावर काडतूस उडालं नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबा, मगच बोल्ट उघडा. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर दुसरी गोळी झाडू नका. आधीची गोळी नळीतच अडकली असण्याची शक्यता असते. बोल्ट काढून नळीतून उजेड दिसतो का पाहा.

मेलेले ससे उचलून खोल पुरा. त्यांत शिसं असतं. इथले हॅरियर जातीचे शिकारी पक्षी ते खातात, तुमचा कुत्राही खाईल. परिसरात पिंडोन घातलं गेलं असेल तर ते ससे कुत्र्याला मुळीच देऊ नका. कुत्र्याने खाल्लंच तर त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडे न्या, व्हिटॅमिन के-१ वर तो वाचतो.

आता आई. त्यांना पटवायला जाऊ नका. निफाडकडे सशाला पाहून त्यांना आनंदच झाला असेल आणि तो तिथला ससा कायद्याने रक्षिलेला आहे. इथे तो बाहेरून आणलेला प्राणी आहे, त्याने खाल्लेल्या डोंगरउतारांची माती वाऱ्यावर जाते. हे त्यांना एकदा सांगा आणि थांबा. मारणं हे मारणंच आहे. त्या त्याला वाईट म्हणतात तर ते म्हणण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. तुमच्या हातात एवढंच, की विण्याचा हंगाम लागण्याआधी, म्हणजे ऑगस्टच्या आत, काम उरका. मादी मेल्यावर बिळात पिल्लं भुकेने मरतात, ते टळेल. जाळी चांगली झाली तर मारावे लागणारे ससेही कमी होतील. जाळीचा खर्च करताना तुमच्या आईंना हे सांगितलंत तर त्या मदतीलाही येतील.

मुलाला तुमच्या देखरेखीखाली चालवता येईल, पण तुमचाच हात अजून बसायचा आहे. पहिलं वर्ष त्याने कागदाच्या निशाण्यापलीकडे जाऊ नये. तो झाडत असेल तेव्हा तुमच्या हातात दुसरी बंदूक नको, त्याची रायफल क्षणात धरता येईल एवढ्या जवळ उभे राहा. कान दोघांचेही झाकलेले हवेत.

चुलतभावाला नाही म्हणून कळवा. परदेशातली रायफल सामानात घालून भारतात नेण्याची वस्तू नाही, आणि तिथे रानडुकराला वनखात्याच्या परवानगीशिवाय मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. परवानगी मिळाली तरी .२२ ने रानडुक्कर मरत नाही, जखमी होऊन उसात शिरतं आणि दुसऱ्या दिवशी ऊसतोडीच्या माणसावर येतं. नुकसान झालं की लगेच वनखात्याला कळवून पंचनामा करून घ्यायला सांगा, भरपाई मिळते. बांधावर सौरकुंपण करायचं असेल तर शेजारच्या दोन-तीन शेतांनी मिळून करावं, खर्च वाटला जातो. आणि त्या तारेत घरची वीज मात्र कुणी सोडू नये. त्याने डुकराआधी माणसं मरतात.